बाळाचा हात आणि पहिले तीन महिने

जन्मानंतर तिसऱ्या दिवशी आशा स्वयंसेविका बाळंतिणीच्या घरी जाते. बाळाचे वजन, अंगाची ऊब, नाळ, अंगावर पिणे या गोष्टी ती पाहते आणि आपल्या तक्त्यात नोंदविते. नवजात बालकाची घरच्या घरी काळजी घेण्याचा जो कार्यक्रम २०११ पासून राबविला जात आहे, त्यात रुग्णालयात जन्मलेल्या बाळासाठी अशा सहा भेटी ठरलेल्या आहेत. ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ हे त्या भेटींचे दिवस होत. यांपैकी पहिल्याच भेटीत दुपटे सोडून बाळाचे दोन्ही हात शेजारी शेजारी न्याहाळले, तर एका दुखापतीचा संशय घरच्या ओटीवरच घेता येतो. बाळ एक हात छातीशी घेते, दचकले की तो फेकते. दुसरा हात मात्र अंगालगत सरळ, आत वळलेला, निपचित पडून असतो. जन्मतेवेळी मानेतील मज्जातंतू ताणले गेल्याची ही खूण असू शकते.

कळवणसारख्या डोंगराळ आदिवासी तालुक्यात या खुणेला विशेष महत्त्व आहे. दुखापत येथे अधिक होते म्हणून नव्हे. ती ओळखल्यानंतर योग्य ठिकाणी पोहोचण्यास जो अवधी मिळतो, तो येथील लोकजीवनाच्या रहाटीत सहज निसटून जातो, म्हणून.

दुखापत कशी होते?

मानेच्या मणक्यांमधून पाच मज्जातंतू निघतात, एकमेकांत गुंफले जातात आणि गळपट्टीच्या हाडाखालून हातात उतरतात. खांदा उचलणे, कोपर वाकविणे, मनगट वर करणे, मूठ मिटणे ही सर्व कामे याच जाळ्यातून चालतात. प्रसूतीच्या वेळी बाळाचे डोके बाहेर आले आणि खांदा मात्र आईच्या जघनास्थीमागे अडकला, तर डोके आणि खांदा यांमधील अंतर ताणले जाते व त्याबरोबर हे तंतूही ताणले जातात. पायाळू बाळाच्या बाबतीत हाच प्रकार उलट बाजूने घडतो. तंतूला नुसता ताण बसला असेल तर तो आपोआप सावरतो. आतून फाटला असेल तर जखमेची गाठ वाढीच्या आड येते. आणि कण्यापासून मुळासकट उपटला गेला असेल तर तो आपण होऊन कधीच जुळत नाही.

वरचे दोन तंतू दुखावले, तर खांदा व कोपर लुळे पडतात, पण बोटे हलतात. हा प्रकार सर्वांत अधिक आढळतो. इंग्रजी वैद्यकग्रंथांनी अशा हाताला पाठीमागे हात करून गुपचूप बक्षिसी घेणाऱ्या वेटरच्या हाताची उपमा दिली आहे. पाचही तंतू दुखावले, तर संपूर्ण हात निर्जीव दिसतो. त्यातच त्या बाजूची पापणी खाली उतरलेली व डोळ्याची बाहुली लहान दिसली, तर इजा मुळाशी आहे असे समजून बाळाला विनाविलंब तज्ज्ञांकडे न्यावे लागते. बाळाला धाप लागत असेल तर तीही सांगितली पाहिजे, कारण श्वासपटलाकडे जाणारा तंतू याच परिसरातून निघतो.

फ्रान्सचे ड्यूशेन यांनी १८७२ मध्ये आणि जर्मनीचे एर्ब यांनी १८७४ मध्ये या विकाराचे वर्णन केले. खालच्या तंतूंच्या इजेचे वर्णन १८८५ मध्ये ऑगस्टा क्लुम्पके या तरुण स्त्रीने केले. स्त्रियांना वैद्यकीय क्षेत्रात पाऊल ठेवणेच कठीण होते, त्या काळातील ही गोष्ट आहे. निरनिराळ्या देशांतील नोंदींप्रमाणे दर हजार जन्मांमागे साधारणतः एक ते दोन बालकांना ही इजा होते. उजवा हात अधिक वेळा सापडतो, कारण गर्भाशयात बाळाची जी ठेवण नेहमी असते तीत उजवा खांदा पुढे येतो.

बाळ वजनाने मोठे असणे, आईला मधुमेह असणे, यापूर्वीच्या बाळंतपणात खांदा अडकलेला असणे ही धोक्याची चिन्हे आहेत. परंतु अनेक प्रकरणांत यांपैकी एकही आढळत नाही. खांदा अडकल्यावर आईच्या मांड्या पोटाकडे दुमडणे, ओटीपोटावर विशिष्ट दिशेने दाब देणे असे उपाय प्रशिक्षित हात काही क्षणांत करतो. अप्रशिक्षित हात घाबरून डोके ओढतो. घरी होणारे बाळंतपण टाळावे हा आग्रह यासाठीही आहे. मात्र सर्व उपाय बरोबर करूनही ही इजा होऊ शकते. त्यामुळे दुखावलेला हात दिसताच परिचारिकेवर किंवा आईवर ठपका ठेवण्याची घाई योग्य नाही. दोषारोपाच्या भीतीने नोंदच न होणे, हे बाळाच्या दृष्टीने अधिक नुकसानीचे असते.

तंतूची चाल आणि स्थलांतराचे वेळापत्रक

तुटलेला मज्जातंतू पुन्हा वाढतो, पण त्याची चाल दिवसाला सुमारे एक मिलिमीटर असते. मानेपासून दंडापर्यंत पोहोचण्यास महिने लागतात, तळहातापर्यंत त्याहून अधिक. इकडे तंतूविना पडून राहिलेला स्नायू दिवसेंदिवस वाळत जातो, आणि दीड-दोन वर्षांनंतर तंतू येऊन पोहोचला तरी त्याचा उपयोग होत नाही. म्हणून शल्यविशारद तिसऱ्या महिन्याकडे डोळे लावून असतात. दोन महिन्यांच्या आत कोपर स्वतःच्या बळाने वर वाकू लागले, तर हात बहुधा पूर्ववत होतो. तीन महिने पूर्ण होऊनही कोपर वाकत नसेल, तर तंतूंवरील शस्त्रक्रियेचा विचार सुरू होतो. ही शस्त्रक्रिया साधारणतः तीन ते नऊ महिन्यांच्या वयात केली जाते. बहुसंख्य बालके शस्त्रक्रियेविना सुधारतात, हे खरे आहे. पण उरलेली कोणती, हे याच काळात ठरते.

आता हे तीन महिने कळवण तालुक्यात कसे जातात, ते पाहावे. पहिले बाळंतपण बहुधा माहेरी होते. सव्वा महिना बाळ-बाळंतीण घराबाहेर पडत नाहीत. माहेरच्या गावची आशा स्वयंसेविका तक्ता भरते. पुढे बाळंतीण सासरी जाते, आणि तेथील आशा स्वयंसेविकेला मागचे काही ठाऊक नसते. दोन तक्त्यांच्या मध्ये लुळा हात हरवून जातो. बाळ दिवाळीच्या सुमारास जन्मलेले असेल, तर तिसरा महिना माघात भरतो. त्या वेळी कुटुंब दिंडोरी किंवा निफाडकडे द्राक्षाच्या बागांत किंवा कांद्याच्या कामावर असते. गंमत अशी, की मजुरीचे ते गाव घरापेक्षा नाशिकला जवळ असते. कळवणहून नाशिक सुमारे पाऊणशे किलोमीटर आहे; कनाशी, दळवटच्या पाड्यांवरून त्याहून दूर. बागेतून तेच अंतर पुष्कळ कमी होते. हातात लेखी चिठ्ठी असेल आणि कोठे जावयाचे हे सांगितलेले असेल, तर स्थलांतर हे उपचाराला साहाय्यकही ठरू शकते.

घरी काय करावे, काय करू नये

प्रथम बाळ डॉक्टरांना दाखवावे. गळपट्टीचे किंवा दंडाचे हाड मोडले असेल अथवा सांध्यात पू झाला असेल, तरीही बाळ हात हलवीत नाही. हे वगळल्यानंतर आरंभीचे काही दिवस, डॉक्टर सांगतील तितके, हाताला विश्रांती द्यावयाची असते. त्यानंतर भौतिकोपचार, म्हणजे रुग्णालयात ज्याला फिजिओथेरपी म्हणतात, तो सुरू होतो. त्याचा मुख्य भाग आईच्याच हातात आहे. बाळाचे कोपर अंगाला टेकवून काटकोनात दुमडावे आणि पुढचा हात हळुवारपणे बाहेरच्या बाजूस वळवावा. ही एक हालचाल सर्वांत महत्त्वाची, कारण ती न झाल्यास खांदा आत आखडतो, पुढे सांधा मागे सरकतो आणि हाडाची खोबणच वेडीवाकडी वाढते. मग तंतू सुधारूनही हात वर जात नाही. भौतिकोपचारतज्ज्ञाने एकदा समोर करून दाखविल्यावर लंगोट बदलण्याच्या प्रत्येक वेळी ही हालचाल करता येते. तिला पैसा लागत नाही, सातत्य लागते.

बाळाला काखेत धरून किंवा हाताला धरून उचलू नये. अंगडे घालताना दुखरा हात आधी, काढताना शेवटी. झोळीत झोपविताना तो हात अंगाखाली दबू देऊ नये. तेल लावण्यास हरकत नाही; परंतु अंघोळीच्या वेळी बाळाचे हात ओढून ‘मोकळे’ करण्याची जी रीत आहे, ती या बाळाच्या बाबतीत पूर्ण बंद ठेवावी. काही बालकांच्या हातात संवेदना कमी असते. ती आपलीच बोटे चावतात, रांगू लागल्यावर चुलीचा चटका त्यांना कळत नाही.

हात लुळा दिसताच ग्रहण लागले, बाहेरची बाधा झाली असे म्हणण्याचा प्रघात अद्याप गेलेला नाही. गर्भिणीने ग्रहणात काहीतरी चिरले, असा आळ आईवर येतो. असे समज केवळ डोंगरातील पाड्यांवरचे, असे मानण्याचे कारण नाही. जर्मनीचा सम्राट दुसरा विल्हेल्म १८५९ मध्ये पायाळू जन्मला आणि त्याचा डावा हात याच दुखापतीने कायमचा अधू राहिला. राजवैद्यांनी नुकत्याच मारलेल्या सशाच्या शरीरात तो हात गुंडाळून ठेवला, विजेचे झटके दिले, चांगला हात बांधून ठेवला. गुण कशानेच आला नाही. भगताकडे गेलेल्या कुटुंबाला रागे भरण्यापेक्षा, तेथून परत येताना उपजिल्हा रुग्णालयाची पायरीही चढा, असे सांगणारा कार्यकर्ता अधिक उपयोगी पडतो.

शस्त्रक्रिया

सूक्ष्मदर्शकाखाली करावयाची ही शस्त्रक्रिया मागील शतकाच्या सत्तरीनंतर पॅरिसमध्ये अ‍ॅलन गिल्बर्ट यांच्या कार्यामुळे रूढ झाली. फाटलेल्या तंतूचा खराब भाग काढून पायाच्या पोटरीतील एका तंतूचा तुकडा तेथे जोडतात. तो काढल्याने पावलाच्या कडेचा थोडा भाग बधिर होतो, चालण्यात उणेपणा येत नाही. जेथे मूळच उपटलेले असते, तेथे शेजारच्या सशक्त तंतूची एक शाखा वळवून आणतात. जणू कोरड्या पाटात दुसऱ्या पाटाचे पाणी. भारतातही हे काम चालते. मुंबईचे प्लास्टिक शल्यविशारद डॉ. मुकुंद थत्ते व बालअस्थिरोगतज्ज्ञ डॉ. रुजुता मेहता यांनी या विषयावर २०११ मध्ये एकत्र लेखन केले आहे. परळचे १९२९ मध्ये स्थापन झालेले बाई जेरबाई वाडिया बाल रुग्णालय आणि हाजीअली येथील १९५५ पासूनची केंद्र शासनाची भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था ही नावे पालकांना ठाऊक असावीत. ज्यांचे पहिले वर्ष निघून गेले, त्यांच्यासाठीही दार बंद होत नाही. मूल दोन-चार वर्षांचे झाल्यावर चांगल्या स्नायूची जागा बदलून खांदा वर उचलण्याची सोय करता येते. मात्र त्या हाताकडून अपेक्षा बेताची ठेवावी लागते.

शस्त्रक्रियेनंतर लगेच काही दिसत नाही. तंतूची चाल तीच, दिवसाला एक मिलिमीटर. पाच-सहा महिने हात तसाच राहतो आणि घरात कुरबूर सुरू होते, की मुंबईला जाऊन काय मिळाले? पुढील व्यायाम याच टप्प्यावर सुटतात. कुटुंबाला हे आधी सांगून ठेवणे ही डॉक्टरांइतकीच आरोग्यसेविकेचीही जबाबदारी आहे.

घरात आणि शाळेत

व्यायाम, एस. टी.चे हेलपाटे, बुडालेली मजुरी हे सर्व बहुधा आईच्या वाट्याला येते. थोरल्या मुलीची शाळा धाकट्याला सांभाळण्यासाठी सुटते, हा खर्च कोणत्याही कागदावर येत नाही. वडिलांनी व आजीने व्यायामाची एक-एक पाळी घेतली, तर आईचा भार किती हलका होतो, हे अशा घरांत गेल्यावरच कळते.

उजवा हात अधिक वेळा दुखावतो, हे वर आले आहे. त्याचा अर्थ असा, की यांतील अनेक मुले डाव्या हाताने जेवणार, डाव्या हाताने लिहिणार आणि प्रसादासाठी डावाच हात पुढे करणार. आपल्याकडे यावरून मुलाला किती वेळा टोकले जाते, ते सांगावयास नको. आश्रमशाळेत मुलाला शंभर जणांच्या पंगतीत बसावयाचे असते; तेथे शिक्षकाने पहिल्याच दिवशी एक वाक्य बोलून ठेवले, तर पुढची कित्येक वर्षे सुसह्य होतात. लिहिण्यास डाव्या हाताची मुभा द्यावी. पाटी धरणे, भाकरी धरणे, चेंडू अडविणे यांत दुबळ्या हाताला सामील करून घ्यावे. कवायतीत हात डोक्याच्या वर जात नसेल तर तो हट्ट नव्हे.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार चाळीस टक्के वा अधिक अपंगत्व प्रमाणित झाल्यास सवलती मिळतात. परंतु त्याआधीच्या सोयी अधिक मोलाच्या आहेत. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ मध्ये सुरू झाला. बालकांच्या बाबतीत आरंभी तो नवजातांपुरता होता, पुढे आजारी बालकांसाठी त्याची मर्यादा एक वर्षापर्यंत वाढविण्यात आली. शासकीय रुग्णालयातील उपचार, तपासण्या व वाहन त्यात विनामूल्य आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातच, पालघर येथे झाला. त्याच्या यादीत या दुखापतीचे स्वतंत्र नाव नसले, तरी हालचालींतील दोष त्यात येतात, आणि अशा बालकांना जिल्हा पातळीवरील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविण्याची त्यात तरतूद आहे. शस्त्रक्रियेचा खर्च महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतो किंवा कसे, ते रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे आधी विचारून घ्यावे. संपूर्ण कळवण तालुका अनुसूचित क्षेत्रात असल्याने येथील ग्रामपंचायतींना पेसाचा पाच टक्के निधी मिळतो आणि आरोग्य हा त्याच्या खर्चाच्या विषयांपैकी एक आहे. ग्रामसभेत हा विषय मांडता येईल.

राहता राहिली ती चिठ्ठी. माता व बालसंरक्षण कार्ड प्रत्येक बाळंतिणीजवळ असते आणि माहेरहून सासरी, सासरहून बागेत ते तिच्याबरोबर जाते. त्या कार्डावर आशा स्वयंसेविकेने किंवा परिचारिकेने ‘उजवा हात हलवीत नाही, तीन महिने अमुक तारखेस पूर्ण, कोपर वाकत नसल्यास जिल्हा रुग्णालय, नाशिक’ एवढे लिहिले आणि ते आईला व तिच्या नवऱ्याला वाचून दाखविले, तर पुढच्या गावी जी कोणी ते कार्ड उघडेल, तिला काय पाहावयाचे ते कळेल.