स्पिटफायर की हरिकेन? आधी मैदान बघा!

रिमोटवर उडणारं लढाऊ विमान स्वतःच्या हाताने बनवायचं, हे तुमचं ठरलंय. रात्री दोन वाजेपर्यंत व्हिडिओ बघून झालेत. मित्राने अर्धे पैसे टाकायचंही कबूल केलंय. आता प्रश्न एकच, कुठलं विमान?

दहापैकी आठ जण स्पिटफायर म्हणतील, कारण ते दिसतंच भारी. पण तुम्ही अहेरी, आलापल्ली किंवा सिरोंच्याकडचे असाल, तर विमानाआधी मैदान निवडा. मॉडेलसाठी डांबरी रनवे आपल्याला कोण देणार? आपल्याकडे आहेत धान कापून झालेल्या बांध्या, क्रिकेटचं खडबडीत मैदान आणि चारी बाजूंनी साग. इथे जे विमान उतरू शकतं, तेच आपलं विमान.

चाकांमधलं अंतर मोजा

खऱ्या स्पिटफायरच्या दोन चाकांमध्ये जेमतेम पावणेदोन मीटर अंतर होतं. हरिकेनची चाकं सुमारे सव्वादोन मीटर लांब बसायची. एकास दहा प्रमाणात मॉडेल केलं, तर स्पिटफायरला सतरा-अठरा सेंटिमीटर मिळतात आणि हरिकेनला जवळपास तेवीस. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो. पण धसकटात एक चाक अडकलं की स्पिटफायर गर्रकन फिरून पंखावर पडतं. हरिकेन डगमगतं, पण बऱ्याचदा सावरतं.

दहा बाय दहाचा हिशोब

दुसरी गोष्ट पंखावरच्या वजनाची. दहा सेंटिमीटर लांब आणि दहा सेंटिमीटर रुंद असा चौकोन डोळ्यांसमोर आणा. तुमच्या पंखाच्या अशा प्रत्येक चौकोनाला किती ग्रॅम उचलावे लागतात, ते काढा. हा आकडा जितका कमी, तितकं विमान हळू उडू शकतं. आणि हळू उडणारं विमान म्हणजे तुम्हाला विचार करायला मिळालेला वेळ.

एकास दहाच्या हरिकेनचा पंख टोकापासून टोकापर्यंत १२२ सेंटिमीटर भरतो आणि त्यात असे २४ चौकोन बसतात. बॅटरीसकट वजन ९०० ग्रॅम धरलं तर प्रत्येकावर साधारण ३७ ग्रॅम येतात. तेवढ्याच वजनाच्या स्पिटफायरला ४० पडतात. आता १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत गाजलेलं आपलं नॅट घ्या. निर्मलजितसिंग सेखों यांनी १९७१ मध्ये श्रीनगरवर लढताना उडवलेलं हेच विमान. मन तिकडे ओढ घेणारच. पण एकास दहात त्याचा पंख जेमतेम ६७ सेंटिमीटर, म्हणजे तेवढ्याच वजनाला प्रत्येक चौकोनावर ७० ग्रॅमच्या वर! असं मॉडेल सुसाट उडतं आणि सुसाटच उतरतं. बांधीत ते एकदाच उतरेल.

स्पिटफायरचं आणखी एक दुखणं आहे. त्याचा तो सुंदर लंबगोल पंख टोकाला निमुळता होतो. वेग कमी झाला की टोकाची पकड आधी सुटू शकते आणि एक पंख अचानक खाली जातो. खऱ्या विमानात यावर उपाय म्हणून पंखाला टोकाकडे हलकासा पीळ दिला होता. फोमशीटमध्ये तो पीळ दोन्ही बाजूंना अगदी सारखा आणणं पहिल्या प्रयत्नात कठीण. हरिकेनचा पंख जाड आणि बराचसा सरळ कडांचा आहे, पट्टी लावून कापता येतो. आत आधाराला कार्बन रॉड नाही मिळाला तर बांबूची कामटी आहेच. ती तर गडचिरोलीत कुणाकडे मागायची हे तुम्हाला सांगायला नको!

'दुय्यम' विमानाचा मान

हरिकेन घेतलं म्हणजे दुय्यम घेतलं, असं वाटू देऊ नका. १९४० च्या ब्रिटनवरच्या हवाई लढाईत स्पिटफायरपेक्षा जास्त शत्रुविमानं हरिकेननी पाडली. आणि आपल्यासाठी ते जास्त जवळचं आहे. १९४४ मध्ये जपानी फौजा इंफाळपर्यंत आल्या, तेव्हा अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखालची आपली पहिली स्क्वाड्रन हरिकेनच उडवत होती. खाली डोंगर आणि दाट जंगल होतं. आपल्या भागाशी हे चित्र जुळतं ना?

रंग आणि परवानगी

जंगलाचा मुद्दा रंगापाशी पुन्हा येतो. हिरवा-तपकिरी रंग दिलात, की सागाच्या पार्श्वभूमीवर विमान गायब. ते तुमच्याकडे येतंय की लांब जातंय, हेच कळत नाही. आणि मग धाडकन! याचा उपाय इतिहासातच आहे. युद्धाच्या सुरुवातीला ब्रिटिश लढाऊ विमानांचा एक पंख खालून काळा आणि दुसरा पांढरा असे, म्हणजे आपल्याच तोफांनी त्यांना पाडू नये. ब्रह्मदेश आघाडीवर तर जपानी विमानांच्या लाल गोळ्याशी गल्लत नको म्हणून वर्तुळाकार खुणेतला लाल रंगच काढून टाकला होता. तुम्हीही खालून काळा-पांढरा द्या. मॉडेल अस्सल दिसेल आणि डोळ्यांना सापडेलही.

'आपल्याच लोकांना ओळख पटली पाहिजे' ही गोष्ट इथे आजही लागू आहे. आपल्या आकाशात पोलिसांची हेलिकॉप्टर फिरतात. अनोळखी उडती वस्तू दिसली तर ती कुणी कौतुकाने बघत बसणार नाही. ड्रोन नियम २०२१ मध्ये छंदासाठीच्या मॉडेल विमानांना काही सवलती आहेत, पण ते नजरेच्या टप्प्यातच उडवायला हवं आणि हिरवा, पिवळा, लाल असे हवाई विभाग पाळावेच लागतात. म्हणून डिजिटल स्कायच्या नकाशावर आपलं मैदान बघा आणि पहिल्या उड्डाणाआधी पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या. अर्जाला विमानाचा फोटो जोडा, जागा आणि वेळ लिहा. नाही म्हणाले, तर उडवायचं नाही. विषय संपला.

मग क्रम काय?

आधी वर पंख असलेलं साधं, हळू ट्रेनर बनवा. ते पडेल, चिकटवा, पुन्हा उडवा. कॉलेजात एनसीसीची एअर विंग असेल तर तिथे एरोमॉडेलिंग शिकवतात, जाऊन विचारा. ट्रेनर सलग दहा वेळा अखंड खाली आणलंत, की हरिकेन कापायला घ्या. हिवाळ्यातली सकाळ निवडा. वारा पडलेला असतो आणि बांध्याही मोकळ्या असतात.

आणि स्पिटफायर? त्याचा फोटो भिंतीवर लावून ठेवा. हरिकेनने हात बसवला, की पुढच्या हिवाळ्यात त्याचाच नंबर.