वाघ आहे, पण कोणता?

यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव-पांढरकवडा पट्ट्यात २०१६ ते २०१८ या काळात झालेल्या १३ मृत्यूंचा ठपका टी-१ वाघिणीवर, म्हणजे अवनीवर आला. सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोळी घालण्याच्या आदेशात हस्तक्षेप करायला नकार दिला आणि २ नोव्हेंबरच्या रात्री बोराटीच्या परिसरात ती मारली गेली. तेव्हाच्या वादात डीएनएचं नाव वारंवार घेतलं गेलं, जणू तो एकच आणि अंतिम पुरावा आहे. तो तसा नाही. मायटोकॉन्ड्रियातला डीएनए एका प्रश्नाचं उत्तर देतो, पेशीकेंद्रातला दुसऱ्याच प्रश्नाचं. आणि वाघाच्या जीवावर बेतणारा निर्णय घेताना ही दोन उत्तरं एकमेकांत मिसळता येत नाहीत.

जंगलवाटेवर सापडलेल्या विष्ठेवर वाघाच्या आतड्याच्या पेशी असतात, त्या मुख्यतः बाहेरच्या श्लेष्माच्या थरात. म्हणून नमुना घेणारा हातमोजे घालून वरचाच पातळ थर खरवडतो आणि अल्कोहोलच्या बाटलीत टाकतो. आतला भाग बव्हंशी चितळ, रानडुक्कर किंवा गुरांच्या केसांचा आणि हाडांचा. ऊन-पावसात डीएनएचे तुकडे पडतात. मात्र एका पेशीत पेशीकेंद्रातल्या जनुकाच्या दोनच प्रती, तर मायटोकॉन्ड्रियल डीएनएच्या शेकडो, कधी हजारो; त्यामुळे खराब नमुन्यातही तो टिकून राहण्याची शक्यता जास्त. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत लालजी सिंग आणि सुनीलकुमार वर्मा यांनी याच डीएनएतल्या सायटोक्रोम-बी जनुकाच्या आधारे असंख्य प्राण्यांना लागू पडणारी प्रजाती-ओळखीची पद्धत उभी केली. प्रयोगशाळेत प्रत्येक खेपेला एक परीक्षानळी मुद्दाम नमुन्याविना ठेवतात. तिच्यातही वाघाचा डीएनए उमटला, तर ती सगळी खेप बाद होते.

या पद्धतीतून कळतं ते एवढंच, की प्राणी वाघ आहे. बिबट्या नाही, कुत्रा नाही. मायटोकॉन्ड्रिया आईकडूनच येतात, त्यामुळे आई आणि तिच्या बछड्यांचा मायटोकॉन्ड्रियल क्रम साधारणपणे एकच असतो. टी-१ला दोन बछडे होते. केवळ या डीएनएवरून त्या तिघांत फरक करणं शक्य नव्हतं. टी-१च्या सख्ख्या बहिणीही याच क्रमाच्या निघाल्या असत्या. शिवाय मांजरकुळात एक खास अडचण आहे: मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएचा मोठा तुकडा कधीकाळी पेशीकेंद्रात जाऊन बसला. घरच्या मांजरात तो १९९४ मध्ये ओळखला गेला; वाघाच्या वंशातही तसे तुकडे आहेत. तपासणी काळजीपूर्वक झाली नाही, तर मूळ क्रमाऐवजी हीच प्रत वाचली जाते.

यावर कुणी म्हणेल, एका जनुकाऐवजी अख्खा मायटोकॉन्ड्रियल जीनोम वाचा. वाघात तो सुमारे १७ हजार अक्षरांचाच आहे. प्रवाळांचं उदाहरण इथे उपयोगी आहे. मालवणच्या समुद्रातही आढळणाऱ्या कठीण प्रवाळांचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए फार सावकाश बदलतो, म्हणून एका जनुकावरून जवळच्या प्रजाती वेगळ्या काढता येत नाहीत. तिथे पूर्ण जीनोम वाचल्याने वंशवृक्ष अधिक स्पष्ट होतो, पण जवळच्या प्रजातींसाठी पेशीकेंद्रातल्या जनुकांकडे वळावंच लागतं. वाघांतही तेच: अख्खा जीनोम वाचला तरी आई-बछड्यांचा प्रश्न सुटत नाही. त्यासाठी पेशीकेंद्रातले मायक्रोसॅटेलाइट, म्हणजे व्यक्तीगणिक लांबी बदलणारे डीएनएचे पुनरावृत्त तुकडे, तपासावे लागतात, आणि नमुना क्षीण असल्यास एखादी प्रत निसटते म्हणून तीच तपासणी अनेकदा करावी लागते.

दुसरा आक्षेप अधिक कळकळीचा आहे: माणसं मरत असताना प्रयोगशाळेची वाट किती पाहायची? तो रास्त आहे. गावकऱ्यांची सुरक्षितता, गस्त आणि भरपाई यांसाठी अहवालाची गरजच नाही. पण गोळीचा हुकूम मागे घेता येत नाही. पट्ट्यांवरून वाघ ओळखणारा कॅमेरा ट्रॅप त्याची हजेरी दाखवतो. हल्ला त्यानेच केला हे जखमेतली लाळ सांगते. यवतमाळच्याच टिपेश्वर अभयारण्यातून २०१९ मध्ये निघालेला एक वाघ बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत चालत गेला. म्हणजे एखाद्या गावाजवळ दिसणारा वाघ तिथलाच असेल, असं धरून चालता येत नाही.

म्हणून आग्रह दोन गोष्टींचा धरायला हवा. शवविच्छेदनाआधी आणि मृतदेह धुण्याआधी जखमेवरचे लाळेचे नमुने घेण्याचं साहित्य आणि प्रशिक्षण घटनास्थळी सर्वांत आधी पोचणाऱ्या वनरक्षकाला मिळालं पाहिजे. आणि प्रत्येक अहवालात, कोणता डीएनए तपासला आणि त्यावरून प्रजाती ठरली की व्यक्ती, हे स्पष्ट लिहिलं गेलं पाहिजे. ‘डीएनए जुळला’ एवढ्या दोन शब्दांवर कोणत्याही वाघाला मारू नये, आणि कोणत्याही गावाला दिलासाही देऊ नये.