'पहिल्यासारखा नाही' : विनोदी चित्रपटाच्या उत्तरभागावरील प्रेक्षकमताची भाषा

चित्रपटाच्या उत्तरभागाविषयी प्रेक्षक जे मत देतात, ते त्या चित्रपटाविषयीच असते, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. मते गोळा करून त्यांची अनुकूल आणि प्रतिकूल अशी विभागणी करणारे अभ्यास याच गृहीतावर उभे असतात. मराठी वाक्यरचनेच्या दृष्टीने पाहता मात्र हे गृहीत डळमळीत ठरते. उत्तरभागावरील मत हे स्वभावतःच सापेक्ष विधान होय. आणि ज्या मानदंडाशी तुलना करून ते केले जाते, तो मानदंड वाक्यात पुष्कळदा उच्चारलेलाच नसतो. या अनुच्चारित मानदंडाचे स्वरूप स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विनोदी चित्रपटाच्या बाबतीत हा प्रश्न अधिक तीव्र होतो. विनोद बहुतांशी अनपेक्षिततेवर जगतो आणि उत्तरभागाकडे प्रेक्षक अपेक्षा घेऊनच येतो. गुप्तहेराच्या विडंबनपटांत हे ठळकपणे दिसते. रोवन अ‍ॅटकिन्सन या नटाचा 'जॉनी इंग्लिश' २००३ साली आला. त्याचे पुढील भाग २०११ व २०१८ साली निघाले. या गुप्तहेराचा आत्मविश्वास आणि त्याची अकार्यक्षमता यांतील अंतर, हा तेथील हास्याचा मूळ झरा. पहिल्या वेळी प्रेक्षकाला हे अंतर हळूहळू उमगते. दुसऱ्या वेळी ते ठाऊक असते. गुपित नायकाचे असो वा कथेचे, ते एकदा फुटल्यावर पुन्हा त्याच रीतीने फुटू शकत नाही. उत्तरभागापुढील अडचण ही अशी रचनात्मक असते. दिग्दर्शकाचे कौशल्य हा त्यानंतरचा प्रश्न.

मराठीत याचे जवळचे उदाहरण रत्नागिरी जिल्ह्याशीच निगडित आहे. सचिन पिळगांवकर यांचा 'नवरा माझा नवसाचा' हा चित्रपट २००४ साली प्रदर्शित झाला. चारचौघांत सांगता न येणारा नवस, तो फेडण्यासाठी गणपतीपुळ्याकडे निघालेले जोडपे आणि प्रवाशांनी भरलेली बस, अशी त्याची मांडणी होती. प्रवासी बसमधला हा विनोद चित्रसृष्टीला नवा नव्हता. १९६६ सालचा तमिळ 'मद्रास टू पाँडिचेरी' आणि त्यावरून निघालेला १९७२ सालचा हिंदी 'बॉम्बे टू गोवा' ही त्याची पूर्वपीठिका होय. 'नवरा माझा नवसाचा २' हा उत्तरभाग २० सप्टेंबर २०२४ रोजी आला. सचिन आणि सुप्रिया यांच्या जोडीला त्यात स्वप्नील जोशी व हेमल इंगळे आहेत. प्रवास बसऐवजी कोकण रेल्वेने होतो आणि पहिल्या भागात कंडक्टर असलेले अशोक सराफ येथे टी. सी. होतात. कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग १९९८ सालीच खुला झाला असल्याने पहिल्या भागाच्या वेळीही रेल्वे होतीच. म्हणजे वाहनातील हा बदल काळाने लादलेला नव्हे, तर 'तेच, पण निराळे' देण्यासाठी केलेला आहे.

अशा चित्रपटाविषयी मराठी भाषक ज्या साच्यांत बोलतात, त्यांपैकी काही पुढे तपासले आहेत. उदाहरणादाखल दिलेली वाक्ये विवेचनासाठी रचलेली आहेत.

पहिला साचा 'पेक्षा'चा : 'दुसरा भाग पहिल्यापेक्षा फिका आहे.' येथे मानदंड उघड आहे आणि तुलनेची दिशा विशेषणाने निश्चित केली आहे. हे वाक्य वर्गीकरणास सोपे.

दुसरा साचा 'सारखा'चा : 'दुसरा भाग पहिल्यासारखा नाही.' शब्दशः हे केवळ भिन्नतेचे विधान आहे. भिन्न वस्तू सरसही असू शकते. तरीही ऐकणारा यातून न्यूनताच समजतो. हा अर्थ शब्दांचा नव्हे, व्यवहाराचा आहे. ज्याच्याशी साम्य नाकारावयाचे, तो आदर्श म्हणून आधीच प्रतिष्ठित झालेला असतो, म्हणून साम्याचा नकार हा गुणाचा नकार ठरतो. 'याला पहिल्याची सर नाही' या प्रयोगात तर ही प्रतिष्ठा शब्दातच मुरलेली आहे. 'सर' हा शब्द या अर्थाने बहुधा नकारात, किंवा 'कशी येणार?' अशा नकारार्थी प्रश्नात येतो. 'त्याला पहिल्याची सर आहे' असे सहसा कोणी म्हणत नाही. हा साचा निवडताच निवाडा झालेला असतो.

तिसरा साचा दर्शक सर्वनामाचा : 'ती मजा आली नाही.' यातील 'ती' कोणती? आधीच्या वाक्यात तिचा उल्लेख असावा लागत नाही. हे दूरवाचक दर्शक श्रोत्याला स्वतःच्या स्मृतीकडे वळविते आणि ती स्मृती दोघांची समाईक आहे असे गृहीत धरते. शिवाय 'मजा येणे' या क्रियेचा अनुभवकर्ता चतुर्थीत असतो : 'मला मजा आली.' तो 'मला' गळाला, की एका व्यक्तीचा अनुभव चित्रपटाचा गुणधर्म असल्याप्रमाणे भासू लागतो.

चौथा साचा निपातांचा : 'अशोक सराफांसाठी तरी बघावा.' क्रियापद शिफारसीचे आहे, म्हणून हे वाक्य अनुकूल गणले जाईल. परंतु 'तरी' हा निपात इतर कारणे निकालात निघाल्याचे सुचवितो. 'एकदा बघायला हरकत नाही' यातही 'एकदा' हा शब्द 'दुसऱ्यांदा नको' एवढे सांगून जातो. या वाक्यांतील स्तुती ही सौजन्याची स्तुती होय.

हे साचे ध्यानात घेतल्यास एक नित्याचा विरोधाभास उलगडतो. एकाच उत्तरभागाविषयी कोणी म्हणतो, 'पुन्हा तेच आहे'. कोणी म्हणतो, 'पहिल्यासारखा नाही'. चित्रपट एकाच वेळी सारखा आणि वेगळा असल्याचा हा आरोप परस्परविरोधी वाटतो. वस्तुतः 'सारखा' या शब्दाला साम्याची मिती द्यावी लागते आणि ती येथे दोघांनीही दिलेली नाही. पहिला वक्ता सामग्रीविषयी बोलतो : तेच जोडपे, तोच देव, तसाच प्रवास. दुसरा अनुभवाविषयी बोलतो : तेव्हा आले तसे हसू आता आले नाही. सामग्री सारखी राहिली म्हणूनच अनुभव सारखा राहिला नाही, असेही असू शकते. मग ही दोन मते परस्परांना छेद न देता एकाच गोष्टीच्या दोन बाजू ठरतात.

अनुभवाचा हा मानदंड म्हणजे २००४ सालचा चित्रपट नव्हे, हेही लक्षात घेतले पाहिजे. तो त्या चित्रपटाची वीस वर्षांत घडलेली स्मृती आहे. दूरचित्रवाणीवर, घरच्या माणसांत बसून, तुकड्यातुकड्यांनी पाहिलेला चित्रपट स्मृतीत राहतो, तेव्हा त्यातील रेंगाळलेले प्रसंग गळून जातात आणि हशाचे तेवढे उरतात. उत्तरभागाची तुलना या निवडक संचयाशी होते. रत्नागिरीच्या प्रेक्षकाजवळ आणखी एक मानदंड असू शकतो, तो म्हणजे प्रत्यक्ष स्थळाचा. गणपतीपुळ्याला रेल्वे जात नाही. रत्नागिरी स्थानकावर उतरून पुढे रस्त्यानेच जावे लागते, हे त्याला पाहून ठाऊक असते.

स्मृतीचा मानदंड किती दूर जाऊ शकतो, याचे उदाहरण 'झपाटलेला' हे आहे. महेश कोठारे यांचा हा चित्रपट १९९३ सालचा. त्याचा उत्तरभाग २०१३ साली आला. मधल्या काळात, १६ डिसेंबर २००४ रोजी, लक्ष्मीकांत बेर्डे यांचे निधन झाले होते. तात्या विंचू परतला. लक्ष्या परतू शकत नव्हता. या उत्तरभागाविषयी 'लक्ष्या हवा होता' असे कोणी म्हटले, तर 'हवा होता' ही रचना अपूर्ण राहिलेली इच्छा व्यक्त करते. चित्रपटाच्या बऱ्यावाईटाविषयी ती काहीच सांगत नाही. हे वाक्य प्रतिकूल मतांच्या रकान्यात टाकणे म्हणजे शोकाची गणना नापसंतीत करणे होय.

तेव्हा प्रेक्षकमतांचा अभ्यास करणाऱ्याने गणनेपूर्वी प्रत्येक वाक्याला तीन प्रश्न विचारणे इष्ट. मानदंड उच्चारित आहे की गृहीत? साम्य वा भेद कोणत्या मितीतील आहे? आणि अनुभवकर्ता कोण, तो वाक्यात आहे की गळालेला आहे? यांची उत्तरे वाक्यातून मिळत नसतील, तर बोलणाऱ्याला पुन्हा विचारावे. पहिला भाग त्याने केव्हा, कोठे आणि कोणासमवेत पाहिला, हेही नोंदवावे. एवढे केल्यावर अनुकूल मतांची संख्या कदाचित घटेल, प्रतिकूल मतांचीही घटेल आणि मधला, आजवर नाव नसलेला वर्ग मोठा होईल. प्रेक्षकाचे खरे म्हणणे बहुधा त्याच वर्गात सापडेल.