होप पुलावर पाणी किती?

पावसाळ्यात सुरतेत तापी फुगली की कतारगामच्या सिंगणपोर भागातले लोक कॉझवेकडे बघायला जातात. हा बंधारा आणि पूल असा एकत्र बांधलेला कॉझवे १९९५ चा. पाण्याने इथे ६ मीटरची खूण ओलांडली की पलीकडे रांदेरला जाणारा रस्ता बंद होतो. पोलीस अडथळे लावतात, दुचाकीवाले डभोली-जहांगीरपुरा पुलाकडे वळतात. वरच्या अंगाला साचलेली जलपर्णी लोंढ्याबरोबर बंधाऱ्यावरून खाली कोसळत राहते. बघ्यांची गर्दी हटत नाही. पण शहराला धोका आहे की नाही, हे कॉझवेवर उभं राहून कळत नाही. त्यासाठी सुरतकर एकच विचारतो : होप पुलावर पाणी किती?

होप पूल १८७७ चा. चौकातल्या किल्ल्याजवळून अडाजण-रांदेरच्या काठाला जोडणारा. थिओडोर होप हे सुरतचे कलेक्टर आणि नगरपालिकेचे अध्यक्ष होते, त्यांचं नाव पुलाला मिळालं. गुजराती घरांत मात्र त्यांची ओळख पुलाच्या आधीची आहे. शिक्षण खात्यात असताना त्यांनी गुजराती क्रमिक पुस्तकं तयार करवून घेतली. कवी दलपतरामांचा त्यात हात होता, आणि 'होप वाचनमाळा' म्हणून ती पुस्तकं पिढ्यानपिढ्या शिकवली गेली. पुढे हे गृहस्थ व्हाइसरॉयच्या मंडळात सार्वजनिक बांधकामाचे सदस्य झाले. शाळेची पुस्तकं आणि नदीवरचा पूल, दोन्हींवर एकाच माणसाचं नाव असण्याचा योग फार शहरांच्या वाट्याला येत नाही.

जुन्या पुलाची वाहतूक आता नेहरू पूल वाहतो. शेजारचा किल्ला, सोळाव्या शतकात खुदावंदखानाने बांधलेला, महापालिकेने डागडुजी करून लोकांसाठी खुला केला. ते काम मनापासून केलेलं आहे, जाऊन बघण्यासारखं आहे. पुलाच्या वाट्याला असा जीर्णोद्धार आला नाही. तरी पुराच्या दिवसांत सरकारी पत्रकात आणि बातमीत होप पुलाचीच पातळी दिली जाते. इशारा साडेआठ मीटरला, धोका साडेनऊला. आपल्याकडे सांगलीचा आयर्विन पूल असाच. १९२९ चा तो पूल, आणि आजही कृष्णेचं पाणी त्याच्यावर फुटांत मोजतात : ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. २०१९ मध्ये तिथे ५७ फुटांच्या वर पाणी गेलं, तेव्हा सांगली त्या एका आकड्यावर जागत होती.

सुरतच्या आकड्याशी मराठी माणसाचं नातं आणखी जवळचं आहे. तापीचं खोरं सुमारे ६५ हजार चौरस किलोमीटरचं. त्यातलं ५१ हजारांहून जास्त महाराष्ट्रात, गुजरातच्या वाट्याला चार हजारही नाही. म्हणजे सुरतेत येणारं पाणी बहुतेक पूर्णा, वाघूर, गिरणा, पांझरा यांच्या खोऱ्यांत पडलेल्या पावसाचं. भुसावळजवळच्या हतनूर धरणाला ४१ दरवाजे आहेत. ते उघडल्याची बातमी आली की लिंबायत-उधन्यातली खानदेशी कुटुंबं गावाकडे फोन लावतात, आणि गावाकडची माणसं सुरतेतल्या नातलगांची काळजी करतात. हतनूरहून पाणी प्रकाशाला, मग उकाई धरणात, आणि उकाईच्या खाली शंभरएक किलोमीटरवर सुरत.

होप पुलावरच्या नोंदी एकापुढे एक मांडल्या की मात्र पोटात गोळा येतो. १९६८ च्या महापुरात नदीतून साडेपंधरा लाख क्युसेक पाणी गेलं आणि पुलावर पातळी १२ मीटरच्या थोडी वर होती. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी. पुढे १९७२ च्या सुमारास उकाई धरण उभं राहिलं, लोकांना वाटलं, आता सुटलो. १९९८ मध्ये सात लाख क्युसेकलाच पाणी ११.४० मीटरवर पोचलं. आणि ऑगस्ट २००६ मध्ये उकाईतून सुमारे नऊ लाख क्युसेक सोडलं, तेव्हा पातळी होती १२.४० मीटर. शहराचा बहुतेक भाग पाण्याखाली होता.

हा आकडा सावकाश वाचावा. पाणी १९६८ च्या जेमतेम साठ टक्के, आणि पातळी त्याहून वर. भरतीची वेळ कुठली होती यावरही पातळी ठरते, पण एवढा फरक निव्वळ भरतीने पडत नाही. नदीचं पात्रच आवळलं आहे. पूर पसरायचा त्या मोकळ्या जमिनीवर वसाहती उभ्या राहिल्या. पाणी शहरात शिरू नये म्हणून काठांना भिंती बांधल्या, त्यामुळे आत कोंडलेलं पाणी उंच चढतं. कॉझवेने वर गोडं पाणी अडवलं. शहराला ते हवंच होतं, कतारगामच्या पाणीपुरवठ्याचा आधार तोच आहे. पण कॉझवेच्या खाली वर्षाचे कितीतरी महिने वरून पाण्याचा जोर येत नाही. भरती गाळ आणून टाकते आणि ओहोटीच्या अंगात तो परत ओढून नेण्याएवढं बळ नसतं. पात्र उथळ होत जातं. उन्हाळ्यात ओहोटीला नेहरू पुलावरून खाली बघितलं की हा गाळ उघडा दिसतो.

जुन्या पुलाची आठवण ठेवायची म्हणजे संगमरवरी पाटी लावायची, असं आपल्याकडे समजतात. पाटी लागली तर मला आनंदच आहे. पण होप पुलाचा खरा जीर्णोद्धार म्हणजे खालच्या नदीला तिची रुंदी परत देणं. रुंढ आणि भाठा यांच्यामध्ये आणखी एक बराज बांधायची योजना आहे. गोड्या पाण्याची गरज खरी आहे, ती कुणी नाकारत नाही. त्या बराजचे दरवाजे पुरात किती उघडतील आणि गाळ कसा वाहून जाईल, याचा हिशेब १९६८, १९९८ आणि २००६ चे आकडे समोर ठेवून लोकांपुढे मांडला पाहिजे. आणि पुराच्या पत्रकात पातळीच्या शेजारी त्या तासाला किती क्युसेक पाणी येत आहे तेही छापावं. किती पाण्याला नदी किती चढते, हे मग कतारगामच्या हिरे कारखान्यातल्या कामगारालाही स्वतः ताडता येईल.