लेखनावरोध

लेखनावरोध म्हणजे क्षमता आणि इच्छा असूनही लेखकाला नवे लेखन सुरू करता न येण्याची किंवा हाती घेतलेले लेखन पुढे नेता न येण्याची अवस्था होय. तिला ‘रायटर्स ब्लॉक’ असेही म्हणतात. ही संज्ञा मनोविश्लेषक एडमंड बर्ग्लर यांनी १९४७ मध्ये प्रचारात आणली. कथा-कादंबरीच्या लेखनात हा अवरोध पुष्कळदा एखाद्या विशिष्ट प्रसंगापाशी उद्भवतो.

कारणे

बर्ग्लर यांनी या अवस्थेचे मूळ अबोध मनात शोधले. पुढील काही अभ्यासकांनी प्रत्यक्ष लेखनप्रक्रियेकडे लक्ष वळवले. अमेरिकन अभ्यासक माइक रोझ यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १० विद्यापीठीय विद्यार्थ्यांच्या निबंधलेखनाची तुलना केली. त्यांपैकी ५ जणांना अवरोधाचा त्रास होता. हे विद्यार्थी लेखनाचे नियम ताठरपणे पाळत, तर इतर ५ जण ते गरजेनुसार बदलत, असे रोझ यांना आढळले.

प्रसंगलेखनातील अवरोध

प्रसंग अडण्याचे कारण कल्पनाशक्तीचा अभाव हेच असते असे नाही. पात्राला त्या क्षणी काय हवे आहे, त्याच्या आड काय येते आणि प्रसंगाअखेर कोणती स्थिती बदलते, यांपैकी एखादी बाब अनिर्णित राहिल्यास लेखन पुढे सरकत नाही. कथानकाच्या सोयीसाठी पात्राला स्वभावाविरुद्ध वागवले जात असल्यासही लेखन थांबते. अशा वेळी मूळ दोष आधीच्या प्रकरणात असू शकतो.

उपाय

पीटर एल्बो यांनी ‘रायटिंग विदाउट टीचर्स’ (१९७३) या पुस्तकात मुक्तलेखनाचा पुरस्कार केला. या पद्धतीत ठरावीक वेळ न थांबता व खाडाखोड न करता लिहिले जाते; निवड आणि दुरुस्ती नंतर होते. अर्नेस्ट हेमिंग्वे यांनी पुढे काय घडणार हे ठाऊक असतानाच दिवसाचे लेखन थांबवण्याचा सल्ला दिला होता, जेणेकरून दुसऱ्या दिवशी सुरुवात सुकर होते. याखेरीज केवळ संवाद लिहून पाहणे, तोच प्रसंग दुसऱ्या पात्राच्या दृष्टीने लिहिणे किंवा तो तात्पुरता वगळून पुढील प्रसंग लिहिणे, हे मार्गही अवलंबले जातात. वगळूनही कथा अखंड राहत असेल, तर त्या प्रसंगाची आवश्यकताच तपासावी लागते.

मर्यादा

अधिक लिहिल्याने अडचण सुटतेच असे नाही. ‘इनव्हिजिबल मॅन’ (१९५२) या कादंबरीचे लेखक राल्फ एलिसन यांनी दुसऱ्या कादंबरीसाठी २,००० हून अधिक पृष्ठे लिहिली. तथापि १९९४ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हाही ती अपूर्णच होती. अवरोधासोबत नैराश्याची लक्षणे असल्यास लेखनतंत्रे पुरेशी ठरत नाहीत व वैद्यकीय मदतीची गरज भासू शकते.