मॉलमध्ये आपलं टेबल



मॉल म्हटलं की आपल्याला काय आठवतं? सरकता जिना, गारेगार हवा आणि न परवडणाऱ्या किमती. तिथं आपण फार तर बघायला जातो. पण विकायला गेलो तर? गेल्या दिवाळीत आमच्या गटाने ते करून पाहिलं. त्यातून जे शिकलो, ते आज सांगतो.

जवळच्या शहरातल्या एका मॉलने आम्हाला पाच दिवस टेबल दिलं. भाडं नाही म्हटल्यावर आम्ही हरखलो. भाजणी, शेवया, नाचणीचे पापड, काळा मसाला घेऊन गेलो. टेबल मिळालं दुसऱ्या मजल्यावर, कोपऱ्यात. दोन दिवस कुणी फिरकलंच नाही. तिसऱ्या दिवशी घरून पापड भाजून नेले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातावर तुकडा ठेवला. मग मात्र माल हलला.

शेवटच्या दिवशी मॉलमधल्या किराणा विभागाने मसाल्याची उरलेली 60 पाकिटं ठेवून घेतली. पैसे पुढच्या आठवड्यात देतो म्हणाले. ते आले चार महिन्यांनी! तोवर कर्जाचा हप्ता आम्ही बचतीतून भरला. भांडायला जावं, तर हातात कागद नाही.

म्हणून आता मॉलकडे जाताना आम्ही चार गोष्टी आधी विचारतो. जागा कुठं? तळमजल्यावर, दाराजवळ मिळेल का? भाडं घेणार की विक्रीतला हिस्सा? न खपलेला माल कुणाच्या अंगावर? आणि पैसे किती दिवसांत? उत्तरं कागदावर घेतो, खाली सही घेतो. दिलेल्या मालाची पोच घेतल्याशिवाय निघत नाही.

कायदाही आपल्या बाजूला आहे. गटाची 'उद्यम' नोंदणी करून घ्या, ती मोफत असते. नोंदणी असलेल्या लहान उत्पादकाचे पैसे, लेखी करार असला तरी, 45 दिवसांच्या आत द्यावे लागतात. करार नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाला तर व्याज मागता येतं. 2006 चा सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा कायदा हे सांगतो. मात्र नोंदणी माल देण्याआधीची हवी.

आपल्या बाजूनेही काही लागतं. पाकिटावर घटक, वजन, किंमत, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत वापरायचं ते, गटाचा पत्ता, शाकाहारी पदार्थाची हिरवी खूण आणि अन्न परवान्याचा नंबर हवा. लहान उत्पादकांसाठी साधी नोंदणी असते. हे नसेल तर मॉलवाले माल ठेवणार नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

कुणी म्हणेल, मॉल आपल्याला जागा कशाला देईल? रेल्वेने दिलीच ना! 2022 पासून 'एक स्थानक, एक उत्पादन' योजनेत स्थानकावर स्थानिक माल विकायला ठरावीक दिवसांसाठी स्टॉल मिळतो. त्याच वर्षी विमानतळांवरही बचत गटांना जागा द्यायला सुरुवात झाली. मॉलचाही यात फायदा आहे. आसपासच्या गावांतला पैसा तिथं खर्च होतो. त्याच गावांतली भाजणी तिथं दिसली, तर लोकांना ती जागा आपली वाटते, ते पुन्हा येतात. म्हणून दान मागितल्यासारखं बोलू नका, व्यवहार म्हणून बोला. सणापुरतं टेबल नको, महिन्यातला एक ठरलेला वार मागा. गिऱ्हाईक वार लक्षात ठेवून येतं. टेबलावर बसणाऱ्या बाईला स्वच्छतागृह वापरता येईल ना आणि शेवटची एसटी मिळेल ना, हेही आधीच ठरवा.

यंदा आम्ही त्याच मॉलकडे पुन्हा गेलो, या वेळी कागद घेऊन. त्यांनी तळमजला दिला आणि 15 दिवसांत पैसे द्यायचं लिहून दिलं. रागावून घरी बसलो असतो, तर हे झालं नसतं.

येत्या बैठकीत एवढं करा. गटाचा कोणता माल पाकिटात घालून विकता येईल याची यादी करा, आणि उद्यमच्या नोंदणीला कोण जाणार ते ठरवा.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.