ओले अंग, बोचरा वारा आणि शेकोटीचे शास्त्र

थंडीत परभणीचा पारा किती उतरला, याची चर्चा राज्यभर होते. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या परिसरात २९ डिसेंबर २०१८ रोजी किमान तापमान २ अंश सेल्सिअस नोंदले गेले. याच दिवसांत रात्रीच्या विजेवर हरभरा, गव्हाला पाणी दिले जाते, येलदरीच्या जलाशयात जाळी टाकली जातात आणि गंगाखेडला गोदावरीत पहाटे स्नाने होतात. अशा वेळी पाय घसरून पाण्यात पडल्यास काय करावे?

गार पाण्याचा स्पर्श होताच श्वास जोराने आत ओढला जातो व धाप लागते. तोंड त्या क्षणी पाण्याखाली असेल, तर पट्टीचा पोहणाराही बुडू शकतो. म्हणून पहिले मिनिटभर हातपाय न झाडता तरंगत राहावे आणि श्वास ताब्यात आला की काठ गाठावा. शेततळ्याचे प्लॅस्टिक अस्तर निसरडे असल्याने तेथे दोर बांधून ठेवणे हिताचे.

मराठवाड्यातील पाणी हिमप्रदेशाइतके गार नसते. येथे मोठा धोका असतो तो बाहेर आल्यावर. अंगावरील पाणी वाफ होऊन उडताना शरीराची ऊब घेऊन जाते आणि वारा हा वेग वाढवतो. शरीराचे आतील तापमान ३५ अंशांखाली गेले, की बोबडी वळते, बोटे काडी ओढण्याइतकीही चालत नाहीत आणि बुद्धी मंदावते.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी आडोसा गाठावा, ओले कपडे उतरवावेत आणि कोरडे घोंगडे पांघरून कडब्यावर बसावे. उघडी जमीनही ऊब शोषते. त्यानंतर शेकोटी. दवाने भिजलेला वरचा थर बाजूला सारून गंजीच्या पोटातील कोरडा पाला घ्यावा. त्यावर तुराट्या, मग पऱ्हाट्या आणि शेवटी जाड लाकूड रचावे. रचना सैल हवी. हवा खेळली नाही तर केवळ धूर होतो. काडेपेटी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून बाळगावी.

बधिर त्वचेला चटका कळत नाही. त्यामुळे जाळापासून अंतर राखावे. हातपाय चोळू नयेत, मद्य देऊ नये. शुद्धीवर असल्यास गोड, कोमट चहा द्यावा. थरथर थांबूनही माणूस असंबद्ध बोलू लागला, तर ते बरे होण्याचे लक्षण नव्हे. अशा वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. पेटती शेगडी बंद खोलीत मात्र कधीही नेऊ नये. तिच्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू झोपेतच प्राण घेतो.